भावना, मेंदू आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने मला विषय दिला होता 'परीक्षा आणि मनाचे दडपण'. त्यात मी थोडा बदल करून घेतला आहे. चिटणीस साहेबांनी त्याबद्दल रागावू नये. आणि रागावलेच, तर तो राग त्यांच्या डोक्यात नेमका कोठून उठला हे आज मी त्यांना सांगणारच आहे.

अशा मेळाव्यांत पालकांशी बोलताना काही वाक्ये ठरलेली असतात. "मुलगा हुशार आहे हो, पण डोके फार गरम." "मुलीचे सगळे पाठ असते, पेपर हातात आला की कोरी पाटी." "एवढा घोडा झाला, तरी लहान भावासारखा रडतो." ही वाक्ये बोलताना आपण धरून चालतो की राग, भीती, रडू हा स्वभावाचा किंवा वळणाचा प्रश्न आहे. चांगले वळण लावले असते तर मूल असे वागले नसते, असा त्याचा अर्थ. मग एक तर आपण मुलाला दोष देतो, नाही तर मुलाच्या आईला. माझे आज एवढेच सांगणे आहे की भावना हे शरीराचे काम आहे. पचन जसे पोटात होते तसे हे काम सुमारे १३००-१४०० ग्रॅम वजनाच्या मेंदूत होते. भावना उठवणारी यंत्रणा लहानपणीच जोरात चालू असते. तिला लगाम घालणारी यंत्रणा मात्र पुष्कळ उशिरा पक्की होते, आणि तोपर्यंत मुलाचा लगाम थोड्याफार प्रमाणात आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या, हातात असतो.

या लगामाची कल्पना वैद्यकशास्त्राला कशी आली, ती हकीगत मोठी विलक्षण आहे. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. फिनिअस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम खडकाच्या भोकात सुरुंगाची दारू भरून ती लोखंडी पहारीने ठासत होता. ठिणगी उडाली, दारूचा भडका झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे ६ किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून टाळूकडून बाहेर पडली. माणूस जागीच ठार व्हायचा. गेज मात्र थोड्याच वेळात बोलू लागला, बैलगाडीत बसून गावात गेला आणि जॉन हार्लो नावाच्या डॉक्टरच्या उपचाराने वाचला. त्याचे बोलणे-चालणे ठीक होते, स्मरण ठीक होते. बदलले होते ते वेगळेच. हार्लोने १८६८ मध्ये लिहून ठेवले आहे की, पूर्वीचा जबाबदार, कामात तरबेज मुकादम आता लहरी व उतावळा झाला होता, शिवीगाळ करू लागला होता, एक बेत धरून दुसरा सोडू लागला होता. पूर्वीच्या मालकांनी त्याला त्या जागेवर परत घेतले नाही. पहारीने नासवला होता तो कपाळामागचा मेंदू.

ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत एवढ्यावरच संपते, आणि मला ते पटत नाही. गेज त्यानंतर ११ वर्षे जगला. त्यातील कित्येक वर्षे त्याने दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. अनेक घोडे, अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा, गाडीत बसलेले उतारू. हे काम डोके ताळ्यावर नसलेल्या माणसाला झेपणारे नव्हे. म्हणजे फुटलेला लगामही काही अंशी पुन्हा सांधला गेला असावा, असे आजचे काही अभ्यासक मानतात. नियमित काम, ठरलेला दिनक्रम, यांचा त्यात हात असावा असाही त्यांचा कयास आहे. १८६० मध्ये तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार आजही हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

आता भावना उठते कशी ते पाहू. समजा, रात्री आपण वाडीतून घराकडे येत आहात आणि पाठीमागे धाडकन माडाची झावळी कोसळते. आपण एकदम उडी मारून बाजूला होता, छाती धडधडते, आणि त्यानंतर मागे वळून पाहिल्यावर कळते की झावळी होती. उडी आधी, समज मागून. हे असे का होते? कानातून आलेली खबर मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यात पोचते. तेथून तिला दोन वाटा फुटतात. एक जवळची वाट थेट अमिग्डलाकडे जाते. अमिग्डला म्हणजे ग्रीक भाषेत बदाम. दोन्ही कानांच्या बाजूला, मेंदूच्या आत खोल, बदामाएवढे हे दोन भाग आहेत. दुसरी लांबची वाट मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे जेथे 'हे काय आहे' याचा नीट उलगडा होतो तेथून, फिरून येते. जवळच्या वाटेची खबर अर्धवट असते, पण लवकर पोचते. उंदरांच्या मेंदूत ही वाट जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात दाखवून दिली. निसर्गाचा हिशेब साधा आहे: झावळीला घाबरून दहा वेळा उगाच उडी मारली तरी फारसे बिघडत नाही, सापावर एकदा पाय पडला तर सगळेच बिघडते.

अमिग्डलाने धोक्याची घंटा वाजवली की खालचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग हुकूम सोडतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात ओततात. हृदय जोरात चालते, श्वास भरभर होतो, यकृतातली साखर रक्तात उतरते, पचन थांबते, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम सुटतो. लढण्याची किंवा पळण्याची ही सिद्धता आहे. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. आपल्या मुलीचे हात परीक्षेच्या दालनात ओले होतात, पोटात गोळा येतो, ते याच कारणाने. तिच्या शरीराला वाटत असते की समोर वाघ आहे. समोर असतो तो बीजगणिताचा पेपर, ज्याच्याशी लढताही येत नाही आणि ज्याच्यापासून पळताही येत नाही.

हल्ली मोबाइलवर 'अमिग्डला म्हणजे भीतीचे केंद्र' असे सर्रास सांगितले जाते. तसे सरळ मानू नये. वैद्यकीय लेखांत 'एस. एम.' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. एका दुर्मिळ आजाराने तिचे दोन्ही अमिग्डला निकामी झाले. तिच्यावरचा एक गाजलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखू येत नाही. साप, कोळी यांचे तिला भय नाही. पण २०१३ मध्ये संशोधकांनी तिला कार्बन डायॉक्साइड जास्त असलेली हवा एकदा हुंगायला दिली, तेव्हा ती कमालीची घाबरली. जीव गुदमरल्याची भीती तिला अमिग्डलावाचूनही झाली! तात्पर्य, भीती ही एका बदामात भरून ठेवलेली वस्तू नाही. मेंदूचे अनेक भाग मिळून ती घडवतात. स्वतः लेडू यांनीही पुढे सांगितले की अमिग्डला धोका टिपतो, आणि 'मला भीती वाटते' ही जाणीव त्याहून निराळी व मोठी गोष्ट आहे.

अ‍ॅड्रिनलिन झटकन येते. त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य येते, ते सावकाश चढते. दडपणाचा प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याचे रक्तातले प्रमाण शिगेला पोचते. पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. दहावीचा पेपर सकाळी ११ वाजता असतो. साडेदहाला उंबरठ्यावर केलेली खरडपट्टी, "गेल्या वेळेसारखे गुण आणलेस तर घरात पाऊल ठेवू नकोस" वगैरे, पेपर हातात पडताना मुलाच्या शरीरात ऐन भरात असू शकते.

आणि कॉर्टिसॉल भरात असताना काय होते? द क्वेरवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना शब्दांची यादी पाठ करायला दिली. दुसऱ्या दिवशी आठवण्याच्या एक तास आधी काहींना कॉर्टिसोनची गोळी दिली. शरीरात तिचेच कॉर्टिसॉल होते. या लोकांना पाठ केलेले शब्द कमी आठवले. तीच गोळी पाठ करण्याच्या आधी किंवा लगेच नंतर दिली तर मात्र असे झाले नाही. म्हणजे शिकलेले पुसले गेले नव्हते, फक्त दार अडकले होते. "घरी सगळे येत होते, तेथे काही सुचलेच नाही" असे सांगणारी मुलगी खोटे बोलत आहे असे मानण्यापूर्वी आपण हा प्रयोग आठवावा.

याचा अर्थ ताण अजिबात नको असा नाही. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्येच उंदरांवर प्रयोग करून पाहिले होते. सोपे काम शिकताना जोराचा विजेचा झटका दिला तरी उंदीर लवकर शिकले. अवघड काम मात्र मध्यम झटक्यानेच उत्तम शिकले, जोराच्या झटक्याने मागे पडले. पाढे दरडावून पाठ होत असतील. भूमितीचा नवा प्रश्न दरडावून सुटत नाही.

आता लगामाकडे वळू. कपाळामागच्या मेंदूला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. थांबणे, तोलणे, परिणामांचा विचार करणे, उठलेल्या भावनेला आवरणे ही कामे मुख्यतः त्याची. मेंदूचे हे भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतात. मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षे घेऊन केलेल्या अभ्यासांतून १९९९ पासून हे स्पष्ट होत गेले. त्यांची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू राहते. उलट भावना उठवणारे भाग किशोरवयात चांगलेच तेज असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची अवस्था म्हणजे इंजिन नवेकोरे आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत अशा मोटारीसारखी. मिसरूड फुटली म्हणून आतला मेंदू प्रौढ झाला असे नव्हे. माझ्या विद्यार्थी मित्रांनी मात्र ही सबब उद्यापासून घरी सांगू नये! ब्रेक बसवायचे आहेत याचा अर्थ ते बसवण्याचे काम चालू आहे, आणि त्यात तुमचाही वाटा आहे.

ते काम कसे चालते? पहिली गोष्ट, भावना दाबणे आणि भावना आवरणे यांत फरक आहे. आपल्याकडे मुलग्यांना सांगतात, "पुरुष माणूस रडतो का?" मुलींना सांगतात, "तोंड वर करून बोलू नकोस." मूल गप्प होते आणि आपल्याला वाटते, शिस्त लागली. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांना किळस येईल असे चित्रपट दाखवले आणि काहींना चेहऱ्यावर काहीही उमटू देऊ नका असे बजावले. त्यांचे चेहरे शांत राहिले. पण किळस तेवढीच वाटत राहिली, आणि शरीरातली धडपड उलट वाढली. पुढे २००० मध्ये असेही दिसून आले की भावना चेहऱ्याआड दाबून ठेवणाऱ्यांना त्या वेळी पाहिलेले-ऐकलेले तपशील कमी आठवतात. वर्गात भीती गिळून बसलेल्या मुलाचे अर्धे डोके गिळण्यातच गुंतलेले असते. फळ्यावरचे त्याला काय आठवणार?

दाबण्याऐवजी नाव द्यावे. मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी नेमका शब्द निवडायला सांगितले, की अमिग्डलाची हालचाल मंदावत असे आणि कपाळामागच्या उजव्या भागाची वाढत असे. केवळ शब्दाने! या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. राग, संताप, चीड, वैताग, रुसवा, त्रागा, तिडीक हे सगळे एक नव्हे. ज्याला 'मला राग आला' एवढेच येते त्याच्यापुढे आदळआपट हा एकच मार्ग राहतो; ज्याला 'मी रुसलो आहे' किंवा 'मला हेवा वाटतो' असे ओळखता येते त्याला निरनिराळे मार्ग दिसतात. भावनांतले बारकावे ओळखणारी माणसे त्यांना अधिक चांगली आवरतात असे अभ्यासांतही आढळले आहे. घरात जी बोली असेल तिच्यात हे शब्द मुलांना द्यावेत. शाळेत मराठी, घरात कोकणी किंवा उर्दू, टीव्हीवर हिंदी, अशी आपल्या पुष्कळ मुलांची स्थिती आहे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मूल उत्तर लिहील, पण 'जीव घाबरा होतो' हे ते आईच्याच भाषेत सांगेल.

दुसरी गोष्ट, झोप. २००७ मध्ये अमेरिकेत तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून मग त्रासदायक चित्रे दाखवण्यात आली. झोपलेल्यांच्या मानाने त्यांचा अमिग्डला सुमारे ६० टक्के अधिक खवळला, आणि कपाळामागच्या मेंदूशी असलेला त्याचा दुवा कमजोर पडला. परीक्षेच्या आदल्या रात्री "माझा मुलगा रात्रभर डोळ्याला डोळा न लावता वाचत होता" असे कौतुकाने सांगितले जाते. त्याने रात्रभर आपला लगाम झिजवला, एवढाच त्याचा अर्थ. मध्यरात्रीपर्यंत उशाशी चमकणाऱ्या मोबाइलबद्दल मी येथे निराळे बोलत नाही. आपण सुज्ञ आहात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पालकांसाठी आहे. लहान मूल स्वतःला शांत करायला एकट्याने शिकत नाही. ते आधी दुसऱ्याकडून शांत केले जाते, आणि शेकडो वेळा तसे झाल्यावर ती रीत त्याच्या अंगवळणी पडते. याचे एक जुने उदाहरण मला फार आवडते. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी १९२४ मध्ये एका लहान मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांनी त्याला पीटर म्हटले आहे. वय सुमारे तीन वर्षे. तो सशाला भयंकर घाबरे. बाईंनी त्याला सशापुढे ढकलले नाही, 'भित्रा' म्हणून हिणवलेही नाही. पीटर आपल्या आवडीचे खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला. एवढा दूर, की खाणे थांबू नये. पुढच्या वेळी थोडा जवळ, मग आणखी जवळ. सशाला न घाबरणारी इतर मुलेही आसपास खेळत ठेवली. मधे एकदा कुत्र्याच्या धसक्याने पीटरची भीती परत आली, तेव्हा पुन्हा मागे जाऊन सुरुवात केली. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. आज आपल्याला ठाऊक आहे की अशा वेळी जुनी भीती पुसली जात नाही. कपाळामागच्या मेंदूच्या मदतीने तिच्यावर 'येथे धोका नाही' असा नवा धडा चढतो. म्हणूनच सराव सोडला किंवा जोराचा धसका बसला की जुनी भीती डोके वर काढते. गणिताला घाबरणाऱ्या मुलाच्या बाबतीत ससा कोणता आणि खाऊ कोणता, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

मोठ्या माणसालाही हा आधार लागतो. २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना सौम्य विजेचा झटका बसण्याची धास्ती घालून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. नवऱ्याने हात धरला असता धोक्याची खळबळ कमी झाली. परक्याच्या हातानेही थोडी कमी झाली, पण तेवढी नाही. ज्यांचा संसार अधिक सुखाचा, त्यांना नवऱ्याच्या हाताचा गुण अधिक!

आपल्या पुष्कळ घरांत मात्र हात धरणारा माणूस कुवेतला, दुबईला नाही तर जहाजावर असतो. त्याच्यासाठी एक प्रयोग सांगतो. २०१० मध्ये लेस्ली सेल्टझर यांनी ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलींना अनोळखी लोकांपुढे भाषण करायला आणि गणित सोडवायला लावले. कॉर्टिसॉल चढले. मग काहींना आई येऊन भेटली, काहींना आईचा फोन आला, काहींना काहीच मिळाले नाही. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचे कॉर्टिसॉल जवळजवळ भेट झालेल्या मुलींइतकेच उतरले. पुढच्या अभ्यासात, २०१२ मध्ये, आईने फक्त टाइप करून निरोप पाठवला तेव्हा तो गुण आला नाही. हा प्रयोग आई आणि मुलींचा आहे, बाप आणि मुलग्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही मला वाटते, परदेशातल्या अब्बांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'किती गुण?' असे लिहून पाठवण्यापेक्षा दोन मिनिटे बोलावे, आणि बोलण्याची सुरुवात गुणांनी करू नये.

आता हात उगारण्याविषयी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांना बंदी घातली आहे, हे शिक्षकांना ठाऊक आहेच. घराविषयी मी कायदा सांगत नाही, मेंदू सांगतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांना लहानपणी घरात चापटी-फटके बसत होते, त्यांच्या मेंदूचे कपाळामागचे काही भाग घाबरलेले चेहरे पाहून इतर मुलांपेक्षा अधिक खळबळत होते. ही घोर छळ झालेली मुले नव्हती. 'सगळेच मारतात' तेवढाच मार खाल्लेली होती. मूल चिडलेले असते तेव्हा त्याची घंटा आधीच वाजत असते. त्यावर आपण ओरडलो की दुसरी घंटा वाजते. दोन घंटांच्या गोंगाटात धडा कोण ऐकणार? आधी घंटा थांबू द्यावी, समजावणे नंतर.

भाषण येथेच संपणार होते, पण अध्यक्षांनी तीन चिठ्ठ्या माझ्या हाती दिल्या आहेत.

एका पालकांनी विचारले आहे: "आम्ही शांत राहिलो तर मूल डोक्यावर बसणार नाही का?" शांत राहणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे. मुलाने रागाने ताट भिरकावले, तर ते त्यानेच उचलावे आणि फरशीही त्यानेच पुसावी. फक्त हे दहा मिनिटांनी, आवाज न चढवता सांगावे. "बेटा, तू चिडलास हे मला दिसते आहे, ताट फेकलेले मात्र चालणार नाही." पहिल्या अर्ध्या वाक्यात भावनेला नाव मिळते, दुसऱ्यात नियम राहतो. आणि रागाने आपले स्वतःचे हात थरथरत असतील तर आपणच आधी ओसरीवर जाऊन पाणी पिऊन यावे.

दुसरी चिठ्ठी दहावीच्या एका विद्यार्थिनीची आहे. नाव लिहिलेले नाही, ते बरे केले. "पेपर हातात आला की हात थरथरतात, काय करू?" मुली, पहिली दोन मिनिटे लिहू नकोस. श्वास घे, आणि घेतला त्यापेक्षा सावकाश, लांब सोड. असे आठ-दहा वेळा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे काम व्हेगस नावाच्या नसेचे. ही नस हृदयाला मंद करणारे एक द्रव्य सोडते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर सिद्ध केले आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ती बेडकाची नस तुझ्याजवळही आहे, फुकट. मग मनाशी म्हण: ही धडधड म्हणजे माझे शरीर कामाला लागले आहे. २०१० च्या एका प्रयोगात, 'धडधड वाढली तर कामगिरी सुधारू शकते' असे ज्यांना आधी सांगितले होते त्या विद्यार्थ्यांनी गणितात अधिक गुण मिळवले. नंतर सर्वांत सोपा प्रश्न शोध आणि तो आधी लिही. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या चिंता कागदावर लिहून काढल्याने गुण वाढतात, असाही एक शोधनिबंध २०११ मध्ये फार गाजला. पण २०१८ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. लिहून हलके वाटत असेल तर जरूर लिही, गुण वाढतील या आशेने नको.

तिसरी चिठ्ठी: "डॉक्टरकडे केव्हा जावे?" परीक्षा संपली की जी भीती ओसरते तिला डॉक्टर लागत नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नाही, पूर्वी आवडणाऱ्या खेळात किंवा मित्रांत मन नाही, शाळेचे नाव काढताच रोज पोटदुखी, अशी स्थिती असेल तर थांबू नये. आणि जगण्यात अर्थ नाही असे मूल एकदा जरी बोलले, तर दोन आठवडेही थांबू नये. त्या दिवशी त्याला एकटे सोडू नये. 'लोक काय म्हणतील' म्हणून ही गोष्ट घरात झाकून ठेवू नये. मुलाला कावीळ झाली तर आपण झाकतो का? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. शिवाय २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. ती दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. तिचा क्रमांक मी येथे फळ्यावर लिहितो, मागच्या रांगेतल्या भगिनींना दिसेल एवढा मोठा: १४४१६.